नव्या अकूस्टिक गिटारवर बारीकसारीक दोष दिसत आहेत: ठेवावी की परत करावी?

बोरीकाठ, अमळनेर

नमस्कार. मी अमळनेरला माध्यमिक शाळेत शिकवते. गिटार शिकण्याची इच्छा कॉलेजच्या दिवसांपासून मनात होती, ती आता चाळिशी ओलांडल्यावर पूर्ण करायची असे ठरवून वर्षभर दरमहा थोडी रक्कम बाजूला ठेवली आणि या महिन्यात मुंबईच्या एका दुकानातून ऑनलाइन १४,५०० रुपयांची अकूस्टिक गिटार मागवली. वरची फळी अखंड स्प्रूसच्या लाकडाची आहे, पाठ आणि बाजू महोगनीच्या प्लायच्या आहेत आणि सगळीकडे चकचकीत पॉलिश आहे. खोके परवा दुपारी आले. आवाज इतका भरदार आणि गोड आहे की पहिल्या संध्याकाळी मी तिच्याकडे नीट पाहिलेसुद्धा नाही.

काल सकाळी खिडकीजवळच्या उजेडात पाहिल्यावर मात्र एकेक गोष्ट दिसू लागली. नेक, म्हणजे गिटारची लांब दांडी, जिथे बॉडीला मिळते तिथे पॉलिशचा एक ओघळ तसाच सुकला आहे. खालच्या कडेला तिळाएवढा टवका उडालेला आहे आणि तिथे आतले लाकूड दिसते. फ्रेटबोर्डवर, म्हणजे नेकवरच्या बोटे दाबायच्या फळीवर, सातव्या आणि आठव्या फ्रेटच्या (धातूच्या आडव्या पट्टीच्या) मध्ये एक फिकट पट्टा आहे. वरच्या फळीवर लाकडाच्या रेषांना आडव्या अशा चमकदार लहरी दिसतात आणि गिटार हलवली की त्याही हलल्यासारख्या वाटतात. साऊंडहोलमधून, म्हणजे मधल्या गोल भोकातून, आत पाहिले तर गोंदाचे थेंब आणि फळीला आतून आधार देणाऱ्या लाकडी पट्ट्यांवर पॉलिश पेपरचे ओरखडे आहेत. ब्रिजच्या, म्हणजे तारा जिथे अडकवलेल्या असतात त्या लाकडी तुकड्याच्या, मागच्या बाजूला, जाड तारांकडच्या कोपऱ्याजवळ, लाकडाच्या रेषेच्या दिशेने गेलेली साधारण दोन सेंटिमीटर लांबीची अगदी बारीक रेघही आहे.

दुकानाला फोटो पाठवले तेव्हा ‘हे केवळ दिसण्यातले दोष आहेत, हवे असल्यास १,००० रुपये परत देतो, गिटार ठेवून घ्या’ असे उत्तर आले. परत करण्याची मुदत सात दिवसांची आहे, त्यांपैकी दोन गेले. भाचा म्हणतो की गाडीचे पॉलिश मारले की सगळे झाकले जाईल, आणि आमच्या गल्लीतले सुतारकाका लाखेच्या पॉलिशचा हात फिरवून देण्यास तयार आहेत. वाद्य मनापासून आवडले आहे, पण वर्षभराच्या बचतीतून घेतलेली वस्तू पहिल्याच दिवशी डागाळलेली पाहून वाईटही वाटते. यातले कोणते दोष मनावर घ्यावेत आणि कोणते सोडून द्यावेत, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

सूरपेटी, जळगाव

ताई, सर्वप्रथम एक विनंती: निर्णय होईपर्यंत गिटारला कोणतेही पॉलिश, तेल किंवा गोंद लावू नका आणि सुतारकाकांनाही हात लावू देऊ नका. त्यांच्या कसबाबद्दल मला शंका नाही. पण तुमच्या गिटारवर कारखान्यातले पॉलियुरेथेन किंवा तत्सम कडक लेपाचे पॉलिश असणार, त्यात लाखेचा हात मिसळून एकजीव होत नाही, आणि एकदा वस्तूत फेरफार केला की दुकानदार परत घेणार नाही. गाडीच्या पॉलिशमध्ये बहुधा सिलिकॉन असते. ते टवक्यांतून आणि भेगांतून लाकडात उतरते, आणि पुढे कधी तिथे गोंद किंवा नवे पॉलिश लावायची वेळ आली तर ते धरत नाही. माझ्याकडे दुरुस्तीला आलेल्या वाद्यांमध्ये मूळ दोषापेक्षा घरगुती उपायाने झालेले नुकसान मोठे असल्याचे मी अनेकदा पाहिले आहे.

मी मूळचा हार्मोनियमवाला. भजनी मंडळांच्या पेट्यांचे भाते आणि सूर दुरुस्त करता करता गेल्या काही वर्षांत गिटारकडे वळलो. तुम्ही सांगितलेल्या गोष्टींपैकी ज्या आडव्या चमकदार लहरींचे तुम्हाला वाईट वाटले, तो दोष नव्हे. झाडाच्या खोडात गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या पेशींच्या पट्ट्या असतात. ओंडका नेमका त्या दिशेने कापला, म्हणजे फळीतील वार्षिक वलये पृष्ठभागाला काटकोनात उभी राहिली, की त्या पट्ट्या रेशमासारख्या चमकतात. अशी फळी हवेतील बदलाने कमी वाकते आणि वजनाच्या मानाने ताठ राहते, म्हणून वाद्य बनवणारे ती मुद्दाम निवडतात. तुमच्या गिटारमधली सर्वांत चांगली गोष्ट तुम्ही दोषांच्या यादीत घातली आहे.

आतले गोंदाचे थेंब आणि पट्ट्यांवरचे ओरखडे याच किमतीच्या नव्हे, तर लाखाच्या घरातील वाद्यांतही सापडतात. पट्टी फळीला घट्ट चिकटलेली असेल तर बाहेर आलेल्या थेंबाचा आवाजावर परिणाम होत नाही. थेंब आहेत पण पट्टीचे टोक सुटलेले आहे, अशी स्थिती मात्र वाईट. म्हणून छोटा आरसा आणि मोबाइलचा टॉर्च घेऊन प्रत्येक पट्टीची दोन्ही टोके पाहून घ्या. नंतर बोटाच्या पेराने वरच्या फळीवर हलके टकटक करत फिरा. सुटलेली पट्टी तिथे खरखरल्यासारखी बोलते.

फ्रेटबोर्डवरचा फिकट पट्टा रोझवूडचा नैसर्गिक रंगफरक असावा. त्या भागाला पॉलिश नसते, त्यामुळे वर्षातून एकदा-दोनदा फ्रेटबोर्डसाठी मिळणाऱ्या तेलाचे तीन-चार थेंब लावून लगेच कोरड्या फडक्याने पुसले की रंग बराचसा एकसारखा होतो. खोबरेल किंवा शेंगदाण्याचे तेल लावू नये. ते लाकडात राहून खवट होते आणि धूळ धरते. पॉलिशचा ओघळ निव्वळ दिसण्यातला आहे. टवकाही लाकडापर्यंत गेलेला असला तरी दिसण्यातलाच, पुढेमागे तो भरता येतो.

आता राहिली ती रेघ, आणि मला काळजी वाटते ती केवळ तिचीच. ती कुठून कुठे जाते याला फार महत्त्व आहे. लाकडाच्या रेषांना आडवी जाणारी बारीक रेघ बहुतेक वेळा पॉलिशमधली असते, कारण लाकूड आडवे सहसा तडकत नाही. रेषेच्या दिशेने जाणारी रेघ लाकडाची भेग असू शकते. रात्री खोलीत पूर्ण अंधार करा, मोबाइलचा टॉर्च चालू करून साऊंडहोलमधून आत सोडा आणि बाहेरून पाहा. प्रकाशाची बारीक तार दिसली तर भेग आरपार आहे. प्रकाश दिसला नाही तर रेघेच्या दोन्ही बाजूंना अंगठे ठेवून आळीपाळीने अगदी हलके दाबा. एक कड दुसरीपेक्षा किंचितही खाली-वर झाली तर लाकूड फाटलेले आहे असे समजा. नखही आडवे फिरवून पाहा.

आणखी एक तपासणी करा, जी तुमच्या प्रश्नात नाही. वहीच्या कागदाची सरळ कड ब्रिजच्या मागच्या किनाऱ्याखाली सरकवून पाहा. अनेक कारखान्यांत ब्रिज चिकटवताना कडेचे पॉलिश पूर्ण खरवडत नाहीत, त्यामुळे कागद एखादा मिलिमीटर आत जाणे नित्याचे आहे. तो तीन-चार मिलिमीटर गेला तर ब्रिज सुटू लागला आहे. नेक एका डोळ्याने नटाकडून (नेकच्या वरच्या टोकाला तारांखाली असलेल्या खाचांच्या पट्टीकडून) बॉडीकडे पाहून पिळलेली नाही ना ते बघा, प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर वाजवून कुठे खरखर होते ते टिपा, आणि बाराव्या फ्रेटपासून सर्वांत जाड तारेचे अंतर मोजा. अडीच मिलिमीटरच्या आसपास असेल तर ठीक. या तपासण्यांचे निकाल इथे लिहा, मग ठरवू.

पांझराकाठ, धुळे

वरच्या उत्तरातल्या पहिल्या परिच्छेदाला माझा अनुभव जोडतो, कारण तो चुकीचा उपाय मी स्वतः केलेला आहे. माझी पहिली गिटार चकचकीत नव्हती, मंद पॉलिशची होती, ज्याला सॅटिन म्हणतात. घेतल्यानंतर आठवड्याभरात वरच्या फळीवर मनगट टेकते तिथे एक बारीक ओरखडा दिसला. मी गाडीला लावायचे रबिंग कंपाउंड आणून दहा मिनिटे घासले. ओरखडा गेला, पण त्या जागी तळहाताएवढा भाग आरशासारखा चमकू लागला. मंद पॉलिशचा मंदपणा त्याच्या पृष्ठभागावरच्या सूक्ष्म खडबडीतपणातून येतो आणि घासले की तो सपाट होतो, हे मला नंतर समजले. तो चकचकीत भाग सहा वर्षे तसाच आहे आणि कार्यक्रमात दिवे पडले की सर्वांत आधी तोच दिसतो. ज्या ओरखड्यासाठी हे केले, तो माझ्याशिवाय कोणाला दिसलाही नसता.

तुमची गिटार चकचकीत आहे, त्यामुळे नेमके हेच होणार नाही. पण चकचकीत लेपही कागदाच्या एक-दोन पानांइतकाच जाड असतो, आणि कडेला तर त्याहून पातळ. घासता घासता लाकूड उघडे पडायला वेळ लागत नाही.

बोरीकाठ, अमळनेर

आपण दोघांनी इतके सविस्तर लिहिले याबद्दल मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे रात्री तपासणी केली. टॉर्च आत सोडल्यावर प्रकाशाची तार कुठेही दिसली नाही. अंगठ्यांनी दाबल्यावर कड हललेली जाणवली नाही, नख मात्र रेघेच्या एका टोकाला, ब्रिजच्या अगदी लगत, किंचित अडकते. पट्ट्यांची टोके घट्ट आहेत. खरखर कुठेही नाही.

पण कागदाने माझी झोप उडवली. बारीक तारांच्या बाजूला तो जेमतेम आत शिरतो. जाड तारांच्या बाजूच्या कोपऱ्यात, जिथून ती रेघ निघते तिथेच, कागद निदान पाच मिलिमीटर आत जातो. बाराव्या फ्रेटवरचे अंतर साडेतीन मिलिमीटर भरले. मी नवखी आहे, त्यामुळे तारा दाबायला बोटे दुखतात ते असेच असते, असे मी धरून चालले होते.

सूरपेटी, जळगाव

मग प्रश्न सुटला. ताई, गिटार परत करा आणि उद्याच कळवा. ओघळ, टवका आणि पट्टा यांच्यासाठी मी ती परत करायला सांगितली नसती.

साधारण जाडीच्या सहा स्टीलच्या तारा सुरात लावल्यावर त्यांचा एकत्रित ताण सुमारे ७० किलो असतो आणि तो सगळा ब्रिजच्या गोंदावर पडतो. कोपरा सुटला की ताण उरलेल्या गोंदावर येतो, तोही हळूहळू सुटतो आणि सुटताना स्प्रूसचे तंतू वर ओढून घेतो. ती दोन सेंटिमीटरची रेघ बहुधा त्या ओढीचीच खूण आहे. ब्रिज मागून उचलला गेल्याने तारा वर आल्या आणि बाराव्या फ्रेटवरचे अंतर वाढले. म्हणजे रेघ, कागद आणि बोटांचे दुखणे यांचे मूळ एकच दिसते. चिकटवताना शिकंजा नीट बसला नसेल किंवा वाटेत उन्हाने गोंद ढिला झाला असेल. साध्या लाकडी गोंदाची पकड साठ अंशांच्या पुढे कमी होऊ लागते, आणि एप्रिलमध्ये आपल्याकडे उन्हात उभ्या असलेल्या बंद ट्रकच्या आत काय तापमान होत असेल याची कल्पना सगळ्यांना आहे. नेमके काय झाले ते इथून सांगता येणार नाही, पण ती चूक तुमची नाही.

आजच तारा दोन-तीन स्वर उतरवून ठेवा. पूर्ण काढू नका. ब्रिजखाली गोंद सोडण्याचा मोह कोणालाही होऊ देऊ नका. ब्रिज बसवायचा तर तो पूर्ण उचलून, जुना गोंद खरवडून, नव्याने शिकंजा लावून बसवावा लागतो आणि नव्या वाद्यावर हा खर्च तुम्ही का करावा?

तापीतीर, भुसावळ

मला वाद्यातले फारसे कळत नाही. नोकरीत असताना ग्राहकांच्या तक्रारींचे काम अनेक वर्षे केले, म्हणून व्यवहाराची बाजू सांगतो.

पहिली गोष्ट, १,००० रुपयांचा देकार स्वीकारू नका, आणि फोनवर ‘ठीक आहे’ असेही म्हणू नका. रक्कम घेतली की तुम्ही दोष पाहून, समजून वस्तू ठेवली असा अर्थ काढला जातो आणि पुढे ब्रिज सुटला तर वाद घालणे कठीण होते. दुसरी गोष्ट, आजवरच्या पत्रव्यवहारात तुम्ही ओघळ, टवका, रेघ अशी सरमिसळ केली आहे आणि त्यामुळेच ‘दिसण्यातले दोष’ हे उत्तर देणे त्यांना सोपे गेले. नव्या ईमेलमध्ये फक्त ब्रिज आणि तारांची उंची यांवरच बोला. कागद आत गेलेला दिसेल असा फोटो घ्या, कागदावर पेन्सिलने खूण करून तो बाहेर काढा आणि शेजारी मोजपट्टी ठेवून दुसरा फोटो घ्या. प्रकाश समोरून न टाकता बाजूने तिरका टाका, म्हणजे फट आणि रेघ दोन्ही उठून दिसतील. खोक्यावरची चिठ्ठी, बिल आणि आतले फोम फेकून देऊ नका.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आणि त्याखालील २०२० चे ई-कॉमर्स नियम यांनुसार, सदोष असलेली किंवा जाहिरातीत सांगितलेल्या गुणांशी न जुळणारी वस्तू परत घेण्यास विक्रेता नकार देऊ शकत नाही. तक्रारीची पोच ४८ तासांत देणे आणि एका महिन्यात तिचे निवारण करणे हीदेखील त्याच नियमांत सांगितलेली जबाबदारी आहे. तरीही टाळाटाळ झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. दुकान मुंबईचे असले तरी तक्रारदार जिथे राहतो त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते, म्हणजे तुम्हाला जळगावच्या पलीकडे जावे लागणार नाही, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही. बहुतेक प्रकरणे इथवर येत नाहीत. स्पष्ट फोटो, मोजमाप आणि नियमाचा उल्लेख असलेले एक सभ्य पत्र पुरेसे ठरते, असा माझा अनुभव आहे.

सातपुडा, शहादे

परत करण्याचा सल्ला योग्यच आहे, पण या चर्चेत एक गोष्ट बोलली गेली नाही ती नोंदवतो. दिसण्यातला दोष म्हणजे दुर्लक्ष करण्याजोगा दोष, असे सरसकट मानू नये. हातात घेताना नजर दर वेळी त्याच टवक्याकडे जात असेल तर माणूस वाद्य कमी वाजवतो, हे मी माझ्या मुलाच्या बाबतीत पाहिले आहे. नव्या वस्तूचे पूर्ण पैसे दिले असतील आणि मुदत शिल्लक असेल तर निव्वळ दिसण्यासाठीही बदली मागण्यात अपराधीपण वाटण्याचे कारण नाही. मुदत संपल्यानंतर मात्र तोच टवका आपला मानावा.

आणि बदली गिटार येईल तेव्हा खोके लगेच फोडू नका. घरात सावलीत तीन-चार तास तसेच राहू द्या. उन्हातून आलेले लाकूड कूलरच्या गार हवेत एकदम उघडले तर पॉलिशवर ताण येतो.

बोरीकाठ, अमळनेर

तीन आठवड्यांनी लिहिते आहे, उशिराबद्दल क्षमस्व. तापीतीर काकांनी सांगितले तसेच पत्र लिहिले, कागदाचा फोटो जोडला, आणि दुसऱ्याच दिवशी बदली मान्य झाल्याचे उत्तर आले. दुकानाने माल नेण्याचा खर्चही केला. नवी गिटार मागच्या सोमवारी आली. खोके संध्याकाळपर्यंत आमच्या धाब्याच्या जुन्या खोलीत ठेवले, कारण घरात सर्वांत गार तीच खोली आहे, आणि दिवेलागणीनंतर उघडले.

कागद या वेळी दोन्ही कोपऱ्यांत एक मिलिमीटरही जात नाही. बाराव्या फ्रेटवर अंतर अडीच मिलिमीटर. वरच्या फळीवर रेशमी लहरी पहिल्या गिटारपेक्षा कमी आहेत आणि आता त्यांचेच मला वाईट वाटते. दोष आहेतच: पाठीवर बफिंगच्या गोल गोल खुणा तिरक्या उजेडात दिसतात, आणि साऊंडहोलच्या नक्षीजवळ पॉलिशखाली अडकलेला धुळीचा एक कण आहे. तो बोटाला टोचतो. शिवाय खोक्यातून काढताना माझ्याच बांगडीने कडेला एक छोटा टवका उडवला, तोही जवळजवळ पहिल्या गिटारवर होता त्याच जागी. रडू आले, खोटे कशाला सांगू.

दोन प्रश्न आहेत. हा टवका आणि कण काढता येतील का? आणि मे महिना सुरू झाला आहे, पारा ४४ च्या खाली येत नाही, तेव्हा वाद्याची काळजी कशी घ्यावी?

सूरपेटी, जळगाव

आनंद वाटला. बांगडीच्या टवक्याचे मनाला लावून घेऊ नका.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते तातडीचे आहे. ही गिटार मुंबईच्या दमट हवेतून खान्देशच्या कोरड्या हवेत आली आहे. अखंड लाकडाच्या वाद्याला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते आणि आपल्याकडे एप्रिल-मेच्या दुपारी ती २० टक्क्यांच्या आसपास घसरते. लाकूड लांबीत फारसे आखडत नाही, रुंदीत आखडते. धातूचे फ्रेट आखडत नाहीत, म्हणून फ्रेटबोर्ड आखडला की फ्रेटची टोके बाजूने बाहेर येऊन हाताला बोचू लागतात. ही पहिली सूचना असते. त्यानंतर वरची फळी किंचित खाली बसते, तारा फ्रेटच्या जवळ येऊन खरखरू लागतात, आणि तरीही पाणी मिळाले नाही तर फळी रेषेच्या दिशेने फाटते. आपली काळी जमीन मेमध्ये भेगाळते तशीच ही क्रिया आहे. पॉलिशवरच्या सगळ्या खुणा एकत्र केल्या तरी अशा एका भेगेएवढे नुकसान होत नाही.

म्हणून गिटार भिंतीवर टांगू नका, स्टँडवर ठेवू नका, वाजवून झाली की केसमध्ये बंद करा. कापडी पिशवीत ओल टिकत नाही, शक्य असेल तर कडक केस घ्या. साबणाच्या प्लास्टिकच्या डबीला दहा-बारा भोके पाडा, आत स्पंजचा तुकडा ओला करून, घट्ट पिळून ठेवा आणि ती डबी केसमध्ये नेकच्या टोकाकडच्या रिकाम्या जागेत ठेवा. तिच्यातून पाणी गळता कामा नये आणि ती लाकडाला टेकता कामा नये. सोबत ३०० ते ५०० रुपयांना मिळणारा छोटा आर्द्रतामापक ठेवा आणि स्पंज दर दोन-तीन दिवसांनी बघा, आपल्याकडे तो लवकर सुकतो.

कूलरबद्दल बहुतेकांचा गैरसमज असतो. पाण्याचा कूलर हवा ओली करतो, त्यामुळे तो वाद्याला चांगला, असे वाटते. रात्री बंद खोलीत कूलर चालला की आर्द्रता खूप वर जाते आणि सकाळी बंद केल्यावर दुपारपर्यंत तळाला येते. रोजची ही चढउतार लाकडाला स्थिर कोरडेपणाइतकीच त्रासदायक असते. तुमची धाब्याची खोली, कूलरशिवाय आणि केस बंद, ही जागा उत्तम. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की डबी काढून ठेवा. तेव्हा उलटे होते: फळी फुगते आणि तारा वर जातात. मग ॲक्शन, म्हणजे तारांची उंची, बिघडली असे समजून कोणाकडून सॅडल (ब्रिजवरची, तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) घासून घेऊ नका, दिवाळीपर्यंत ती पुन्हा खाली येते.

आता टवका. हे काम करता येते, पण आज करू नका. नव्या वाद्याचे लाकूड पहिल्या वर्षात नव्या हवेशी जुळवून घेत असते. आता भरलेली जागा पावसाळ्यात फुगवट्याने वर उठू शकते आणि कामाची कड दिसू लागते. एक उन्हाळा आणि एक पावसाळा जाऊ द्या. तोवर टवक्यातून घाम आणि ओल शिरू नये म्हणून वाजवून झाल्यावर कोरड्या सुती फडक्याने पुसत जा, एवढे पुरे. काम असे असते: जागा स्वच्छ करून फेविक्विकच्या जातीचा पातळ गोंद टाचणीच्या टोकाने थेंबाथेंबाने सोडायचा, प्रत्येक थर पूर्ण सुकू द्यायचा, आजूबाजूच्या पॉलिशपेक्षा भराव किंचित वर आला की दाढीच्या पात्याच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून फक्त मधल्या उघड्या भागाने तो खरवडत समपातळीला आणायचा. चिकटपट्टीच्या जाडीमुळे पाते मूळ पॉलिशला लागत नाही. मग १०००, १५०० आणि २००० नंबरचे वॉटर पेपर आणि शेवटी सिलिकॉन नसलेले पॉलिशिंग कंपाउंड. हे पॉलियुरेथेनच्या लेपावर चालते. नायट्रोसेल्युलोज लॅकर असलेल्या महागड्या गिटारला ही पद्धत वापरू नये, तिथे नव्या लॅकरचा थेंब जुन्या थरात विरघळून एकजीव होतो आणि तीच खरी दुरुस्ती असते. पहिल्यांदा करताना हात स्वतःच्या गिटारवर चालवू नका, पॉलिश केलेल्या एखाद्या जुन्या फळीच्या तुकड्यावर दोन-चार वेळा करून पाहा.

धुळीचा कण त्याच पेपरने आणि कंपाउंडने मिनिटभरात सपाट होतो, पण तो नक्षीच्या कडेला आहे आणि तिथे लेप पातळ असतो, म्हणून तो भाग मी स्वतः बघितल्याशिवाय सांगणार नाही. बफिंगच्या खुणा सोडून द्या, त्या निव्वळ दिसण्यातल्या आहेत.

दिवाळीनंतर कधी जळगावला आलात तर गिटार घेऊन या, टवका आणि कण दोन्ही एका दुपारचे काम आहे. येताना तारा जुन्या वाटल्या तरी काढू नका आणि उतरवूही नका, पूर्ण सुरात ठेवूनच आणा, कारण पावसाळ्यानंतर नेक आणि फळी कुठे स्थिरावली आहे ते ताणलेल्या तारांवरच मोजता येते.